सरकारच्या नाकात वेसण: जैवविविधतेचं ‘बंधनकारक’ उद्दिष्ट म्हणजे नेमकं काय?

३१ ऑक्टोबर २०२२ ही तारीख इंग्लंडच्या पर्यावरण कायद्यातच लिहिलेली होती. हवा, पाणी, जैवविविधता आणि कचरा या चार विषयांत पुढच्या पंधरा-वीस वर्षांत काय साधायचं, याचे आकडे सरकारने त्या दिवसापर्यंत संसदेपुढे मांडायचे होते. तारीख आली आणि निघून गेली. आकडे जाहीर झाले १६ डिसेंबरला. म्हणजे कायद्याने बंधनकारक उद्दिष्टांचा श्रीगणेशाच कायद्यातली मुदत चुकवून झाला.

दीड महिन्याचं एवढं काय, असं आपल्याकडे कुणीही म्हणेल. आपण दीड वर्षालाही उशीर म्हणत नाही. पण तिकडे यावरून बरीच ओरड झाली. मुदत पाळता येणार नाही अशी कबुली मंत्र्यांना आधीच द्यावी लागली, आणि सरकारवर लक्ष ठेवायला नेमलेल्या संस्थेने त्यांचे कान टोचले. ही ओरड का झाली ते कळलं की ‘बंधनकारक’ या शब्दात काय दडलंय तेही कळतं.

बंधनकारक नसलेलं उद्दिष्ट कसं असतं हे आपल्याला सांगायला नकोच. महाराष्ट्रात २०१६ साली २ कोटी, २०१७ला ४ कोटी, २०१८ला १३ कोटी आणि २०१९ला ३३ कोटी झाडं लावायचा संकल्प होता. दरवर्षी लक्ष्य गाठल्याचं जाहीर झालं. पुढे सरकार बदललं आणि चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमली गेली. त्यात कोण खरं, कोण खोटं, हा आपला विषय नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की लक्ष्य होतं लावलेल्या रोपांचं. किती जगली याचेही आकडे सांगितले गेले, पण जगलेलं झाड हे काही लक्ष्य नव्हतं. त्यावर किती पाखरं वस्तीला आली हे तर नव्हतंच. आमच्या सोसायटीत दर ५ जूनला त्याच कोपऱ्यात, बहुधा त्याच खड्ड्यात रोप लावलं जातं आणि फोटो निघतो. वहीत दरवर्षी एक झाड वाढतं. कोपरा मात्र उघडाच. आणि समजा ३३ कोटींचा आकडा हुकला असता, तरी कुठल्या कायद्याचा भंग झाला असता? कुठल्याच नाही.

जगाच्या पातळीवरही फार वेगळं घडलेलं नाही. १९९२ साली रिओमध्ये जैवविविधतेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. तो बंधनकारक आहे, भारतासकट जवळजवळ सगळ्या देशांनी तो मान्य केलाय. पण त्याची कलमं वाचायला घेतली की ‘शक्य असेल तितकं आणि योग्य असेल तसं’ अशी शब्दरचना पुन्हा पुन्हा आडवी येते. करू की, होईल तसं करू! २०१० साली जपानमध्ये नागोयाला या करारातल्या देशांनी पुढच्या दहा वर्षांसाठी २० उद्दिष्टं ठरवली. नागोया ज्या प्रांतात आहे त्याच्या नावावरून त्यांना ऐची उद्दिष्टं म्हणतात. २०२० साली हिशेब मांडला तेव्हा जगाने त्यातलं एकही पूर्णपणे गाठलेलं नव्हतं. सहा अर्धीमुर्धी झाली होती. कुणाला जाब विचारायचा हेच ठरलेलं नव्हतं, त्यामुळे विचारलाही गेला नाही. डिसेंबर २०२२मध्ये माँट्रियलला नवी २३ उद्दिष्टं ठरली. २०३०पर्यंत जमीन आणि समुद्र यांचा ३० टक्के भाग राखायचा, हे त्यातलं सर्वांत गाजलेलं. त्यांच्यामागेही दंडुका असा काही नाही.

इंग्लंडने वेगळं काय केलं? २०२१च्या पर्यावरण कायद्यात ‘प्रजातींच्या संख्येतली घट’ (म्हणजे प्रजाती किती हे नव्हे, तर त्या-त्या प्रजातीचे जीव किती, यातली घट) हा विषय थेट कलमात घातला. ३१ डिसेंबर २०३०पर्यंत ही घट थांबेल असं उद्दिष्ट मंत्र्याने ठेवलंच पाहिजे, आणि ठेवलेली उद्दिष्टं पूर्ण होतील हे पाहिलंच पाहिजे. कायद्याच्या मराठीत ‘करील’ आणि ‘करता येईल’ यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पहिलं कर्तव्य, दुसरा नुसता अधिकार. इथे ‘करील’ आहे.

हे सहजासहजी घडलं नाही. सरकारच्या मूळ मसुद्यात घट थांबवण्याच्या ‘हेतूला पुढे नेणारं’ उद्दिष्ट असा मोघम शब्दप्रयोग होता. हेतूला पुढे नेणं म्हणजे काय? पाव पाऊल टाकलं तरी हेतू पुढे जातोच. संस्थांनी आणि वरच्या सभागृहाने तो शब्द लावून धरला, तेव्हा कुठे ‘थांबवणं’ हे साधं क्रियापद कायद्यात आलं. हे सगळं फक्त इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांचा पर्यावरणाचा कारभार वेगळा चालतो.

मग ३० जानेवारी २०२३ला नियम लागू झाले. २०३०पर्यंत घट थांबवायची. २०४२पर्यंत संख्या २०३०च्या तुलनेत निदान १० टक्क्यांनी वाढवायची आणि ती २०२२पेक्षाही जास्त हवी. नामशेष होण्याचा धोका २०२२च्या मानाने कमी करायचा. शिवाय संरक्षित क्षेत्रांच्या बाहेर ५ लाख हेक्टरपेक्षा जास्त जागा वन्यजीवांना राहण्याजोगी करायची.

यातलं ‘२०२२पेक्षाही जास्त हवी’ हे शेपूट नीट पाहा. सगळी गंमत त्यात आहे. सरकारच्या पहिल्या प्रस्तावात ते नव्हतं; २०३०पेक्षा १० टक्के जास्त, एवढंच होतं. आता कागद-पेन्सिल घ्या. २०२२ची पातळी १०० धरा. २०३०पर्यंत घट चालूच राहणार, कारण तोवर थांबवायला मुदत आहे. समजा ती ८८वर आली. ८८चे १० टक्के म्हणजे ८.८. बेरीज ९६.८. म्हणजे वीस वर्षं खपून, उद्दिष्ट ‘पूर्ण’ करून, सरकार २०२२पेक्षा कमी पाखरं आणि कमी फुलपाखरं दाखवू शकलं असतं, आणि वर पाठ थोपटून घेतली असती. सेलच्या आदल्या आठवड्यात किंमत चढवून मग सूट देणारा दुकानदार आठवतोय ना? तोच हिशेब, फक्त उलटा. आरडाओरडा झाल्यावर ते शेपूट जोडलं गेलं. कुठल्याही देशाचं कुठलंही उद्दिष्ट वाचताना टक्केवारीच्या आधी आधारवर्ष बघावं, ते याचसाठी.

आता मोजपट्टीकडे येऊ. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण इथे वकील संपतात आणि गमबूट सुरू होतात.

‘प्रजातींची संख्या’ मोजायची कशी? इंग्लंडने हजाराहून अधिक प्रजातींची यादी केली: पक्षी, फुलपाखरं, पतंग, वटवाघळं, गोड्या पाण्यातले कीटक, मासे, वनस्पती. यातली बरीचशी मोजणी सरकारी नोकर करत नाहीत. हौशी माणसं करतात, फुकट करतात, आणि कित्येक दशकं करत आली आहेत. फुलपाखरांची मोजणी १९७६पासून चालू आहे. तिची पद्धत अशी. एक ठरलेली पायवाट, साधारण एक-दोन किलोमीटरची. एप्रिल ते सप्टेंबर, आठवड्यातून एकदा तिच्यावरून सावकाश चालायचं. वेळ पावणेअकरा ते पावणेचार. तापमान १३ अंशांच्या खाली असेल तर मोजणी नाही. १३ ते १७च्या मध्ये असेल तर चांगलं ऊन हवं. वारा जोराचा असेल तर घरी बसायचं. चालताना स्वतःभोवती ५ मीटर रुंद, ५ मीटर उंच आणि ५ मीटर पुढे अशी एक न दिसणारी पेटी आहे असं धरायचं. पेटीत आलेलं फुलपाखरू लिहायचं. पेटीबाहेर कितीही देखणं, कितीही दुर्मीळ फुलपाखरू बागडत असलं तरी ते मोजणीत नाही. दुर्बीण लावून लांबचं टिपायचं नाही. पुढच्या आठवड्यात तीच वाट, तीच पेटी.

एवढा कडकपणा कशाला? कारण इथे ‘किती आहेत’ हा प्रश्नच नाही. इंग्लंडमध्ये एकूण किती फुलपाखरं आहेत हे कुणालाही सांगता येणार नाही. प्रश्न आहे ‘गेल्या वर्षीपेक्षा जास्त की कमी’ हा, आणि त्याचं उत्तर मिळायचं तर मोजणारा, वाट, हवामान यांतला फरक शक्य तितका काढून टाकावा लागतो. आजीचं वजन दर महिन्याला त्याच काट्यावर करतात, तसं.

मग या सगळ्या मोजण्या एका निर्देशांकात ओततात. इथे एक खुबी आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय बातमीतला आकडा वाचूच नये. समजा एका गावात १००० चिमण्या आणि १० पिंगळे आहेत. काही वर्षांनी चिमण्या ५०० झाल्या आणि पिंगळे २०. सरळ बेरीज केली तर १०१० पाखरांची ५२० झाली, म्हणजे हाहाकार. निर्देशांक मात्र म्हणतो: एक प्रजाती निम्मी झाली, दुसरी दुप्पट झाली, फिटंफाट. शंभराचे शंभरच. प्रत्येक प्रजातीचं वजन सारखं, मग ती मूठभर असो की थवेच्या थवे. याचा फायदा असा, की दुर्मीळ प्रजाती बेरजेत बुडत नाही. नुसती बेरीज केली असती तर ५०० चिमण्या वाढवून सगळे पिंगळे गमावले तरी सरकार पास झालं असतं. तोटाही उघड आहे. छोटे उंदीर मारणारा पिंगळा दुप्पट झाला म्हणून अळ्या टिपणाऱ्या निम्म्या चिमण्यांचं काम काही भरून निघत नाही. माझ्या मते ही पद्धत बेरजेपेक्षा बरीच बरी. पण निर्देशांक सपाट आहे म्हणजे रानात सगळं आलबेल आहे, असं समजायचं कारण नाही.

आणि मुळात रान आधीच बरंच रितं झालंय. ब्रिटनमधल्या निसर्गसंस्थांच्या २०२३च्या एकत्रित अहवालानुसार, १९७०पासून तिथल्या अभ्यासलेल्या प्रजातींच्या संख्येत सरासरी १९ टक्के घट झाली आहे. जवळपास दर सहा प्रजातींमागे एकीला ग्रेट ब्रिटनमधून नाहीशी होण्याचा धोका आहे. मुख्य कारण शेतीची बदललेली तऱ्हा: कीटकनाशकं, कुंपणाच्या झाडोऱ्यांची तोड, हिवाळ्यात रान पडीक न ठेवणं.

बरं, उद्दिष्ट हुकलं तर? मंत्र्याला बेड्या? नाही. दंड? तोही नाही. कायदा सांगतो की मंत्र्याने संसदेपुढे कबुली द्यायची आणि मग १२ महिन्यांच्या आत का हुकलं आणि आता काय करणार याचा अहवाल मांडायचा. इथपर्यंत वाचून हसू येईल. शाळेत गृहपाठ न केल्याबद्दल ‘कारणे लिहून आणा’ म्हणायचे, त्यातलाच प्रकार वाटतो.

पण ही वेसण आवळते ती मुदत संपल्यावर नाही, मुदतीच्या कितीतरी आधी. कसं, ते ब्रिटनमध्येच दिसलंय. शहरांतल्या हवेत नायट्रोजन डायऑक्साइड किती असावा याची मर्यादा युरोपीय कायद्यातून आली होती. ती पाळली जात नव्हती. क्लायंटअर्थ ही वकिलांची संस्था न्यायालयात गेली आणि २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारला नवी योजना करायचा आदेश दिला. सरकारने योजना केली; २०१६ला न्यायालयाने ती अपुरी ठरवली. पुन्हा केली, २०१८ला पुन्हा उणी ठरली. हवामानबदलाच्या कायद्याचंही तसंच. निव्वळ शून्य उत्सर्जनाची मुदत २०५०ची, पण तिथवर पोचायची सरकारी योजना २०२२ आणि २०२४ अशी दोनदा न्यायालयात टिकली नाही. न्यायाधीश काही फुलपाखरं मोजायला जात नाहीत. ते एवढंच विचारतात: तुम्ही म्हणता की तिथे पोचणार, या कागदावरच्या पावलांनी पोचता येतं का, आणि येतं असं तुम्ही कशावरून म्हणता? बंधनकारक आकडा नसेल तर हा प्रश्न विचारायला न्यायालयाच्या हातात काहीच नसतं.

दुसरा दोर त्या राखणदार संस्थेचा. ऑफिस फॉर एन्व्हायर्न्मेंटल प्रोटेक्शन हे तिचं नाव, कार्यालय वुस्टर शहरात. युरोपीय संघात असताना हे काम युरोपीय आयोग करायचा आणि प्रकरण शेवटी दंडापर्यंत जाऊ शकायचं. ब्रेक्झिटनंतर ती जागा भरायला ही संस्था याच कायद्याने निर्माण झाली. तिला दंड करता येत नाही. सरकारी खात्याची चौकशी करता येते, नोटीस काढता येते, उच्च न्यायालयात खेचता येतं. दरवर्षी ती सरकारचं प्रगतिपुस्तक लिहिते. जानेवारी २०२४ आणि जानेवारी २०२५, दोन्ही वेळचा शेरा एकच: गाडी बहुतांशी रुळावरून घसरलेली आहे. मधल्या काळात सत्ताधारी पक्ष बदलला, शेरा बदलला नाही.

पळवाटाही आहेत. परिस्थिती बदलली आणि खर्च फायद्याच्या मानाने अवाच्या सवा ठरत असेल, तर मंत्र्याला उद्दिष्ट खाली आणायची मुभा कायदाच देतो. पण त्यासाठी कारणं लिहून द्यावी लागतात आणि नवे नियम संसदेपुढे न्यावे लागतात. गुपचूप संकेतस्थळावरून आकडा उडवणं जमत नाही.

दंडासह बांधलेलं सरकार बघायचं असेल तर नेदरलँड्सला जावं. तिथे गुराढोरांच्या शेणामुतातून उठणारा अमोनिया हवेतून हीथच्या, म्हणजे खुरट्या झुडपांच्या, माळांवर उतरतो, जमिनीला नको इतकं खत मिळतं आणि मूळच्या नाजूक झुडपांची जागा गवत घेतं. हा नायट्रोजन कमी करायचे टप्पे डच कायद्यात आहेत: नायट्रोजन न सोसणाऱ्या निसर्गक्षेत्रापैकी ५० टक्के भाग २०३०पर्यंत धोक्याच्या पातळीखाली आणायचा. ग्रीनपीस न्यायालयात गेली आणि २२ जानेवारी २०२५ला हेग जिल्हा न्यायालयाने सरकारला हे पाळायला सांगितलं, नाहीतर १ कोटी युरो भरा म्हणाले. सरकारच्या तिजोरीपुढे ही रक्कम किरकोळ आहे, आणि सरकार अपिलातही गेलं. तरी ‘नाहीतर’ हा शब्द निकालात आला, हे महत्त्वाचं.

युरोपीय संघाने तर २०२४मध्ये निसर्ग पूर्ववत करण्याचा कायदाच केला: २०३०पर्यंत संघातली निदान २० टक्के जमीन आणि २० टक्के समुद्र यांवर काम सुरू झालं पाहिजे. तो पास झाला ऑस्ट्रियाच्या पर्यावरणमंत्री लेओनोरे गेवेस्लर यांच्या मतामुळे. त्यांच्या चॅन्सेलरचा विरोध असताना त्यांनी बाजूने हात वर केला. मायदेशी केवढा तमाशा झाला असेल याची कल्पना करा.

आणि आपण? राज्यघटनेच्या ४८-अ कलमात राज्याने पर्यावरण, वनं आणि वन्यजीव यांचं रक्षण करण्याचा प्रयत्न करावा असं म्हटलंय. १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ते आलं. पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे, आणि अशी तत्त्वं न्यायालयातून अमलात आणता येत नाहीत, हे घटनेचं ३७वं कलम सांगतं. शिकारीला बंदी, अभयारण्यं, जैवविविधता समित्या यांचे कायदे आहेत आणि ते कडकही आहेत. ते सांगतात काय करायचं नाही आणि कुठे करायचं नाही. परिणाम काय दिसला पाहिजे हे सांगत नाहीत. २०२४ साली भारताने जैवविविधतेचा सुधारित राष्ट्रीय कृती आराखडा सादर केला. त्यातही २३ उद्दिष्टं आहेत, पण तो आराखडा आहे, कायदा नाही.

हा फरक सोलापूरकरांना पुस्तकातून शिकायची गरज नाही. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९चं. एकेकाळी त्याचं क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं. पुढे ते बरंच आक्रसलं. क्षेत्र कायद्याने बांधलेलं होतं, पक्षी नव्हता. आता तिथे माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. राजस्थान-गुजरातच्या माळढोकांसाठी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१मध्ये विजेच्या तारा जमिनीखालून न्यायचा आदेश दिला, कारण जड अंगाच्या या पक्ष्याला समोरची तार वेळेत दिसत नाही. मार्च २०२४मध्ये न्यायालयानेच तो आदेश सैल केला आणि प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवला. सौरऊर्जेची निकड एका पारड्यात होती. दुसऱ्या पारड्यात टाकायला कायद्यातला आकडा नव्हता: अमुक सालापर्यंत इतके माळढोक हवेत, असा. असता तर निकाल वेगळा लागला असताच असं नाही, पण समितीला तो आकडा ओलांडून जाता आलं नसतं.

आपल्याकडे मोजपट्टीच नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा २०२३चा अहवाल सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे. तिथेही बहुतेक सगळे हौशीच, सकाळी उठून, स्वतःच्या खर्चाने. ९४२ प्रजातींचा त्यात आढावा आहे. ज्या ३३८ प्रजातींचा दीर्घकालीन कल सांगता आला, त्यांतल्या ६० टक्के घटल्या आहेत.